खाडीकाठचे काँक्रीट आणि कोळशाची राख

कापूरबावडी-माजिवड्याच्या परिसरात दोन मोठे रस्ते एकत्र येतात. एक कसारा घाट उतरून पडघ्यावरून येणारा नाशिक महामार्ग, दुसरा घोडबंदर रस्ता, जो पलीकडे अहमदाबाद महामार्गाला मिळतो. या दोन्ही रस्त्यांनी गोल पोटाचे बल्कर ठाण्यात उतरत असतात. काहींत सिमेंट असते, काहींत राख. नाशिकजवळचे एकलहरे आणि पालघर जिल्ह्यातले डहाणू ही या पट्ट्याला जवळची औष्णिक वीज केंद्रे. बल्करमधली राख आरएमसी (रेडी मिक्स काँक्रीट) प्लान्टच्या सायलोत चढते, तिथे सिमेंट, खडी, क्रश सँड आणि पाण्यात मिसळते, आणि ट्रान्झिट मिक्सरमधून बाळकुम, ढोकाळी, कोलशेतच्या एखाद्या टॉवरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते.

घर घेणाऱ्याला हे कळले की तो दचकतो. आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घ्यायचा आणि त्याच्या खांबात म्हणे कोळशाची राख! सिमेंटच्या पोत्यावर ‘पीपीसी’, म्हणजे राख मिसळलेले पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, दिसले की जुना गवंडीसुद्धा नाक मुरडतो. ‘ते हलके असते, स्लॅबला ओपीसीच, म्हणजे साधे पोर्टलँड सिमेंटच घ्या,’ असा सल्ला घर बांधणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेला असतो. राख म्हणजे भेसळ, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की काही सोसायट्या पुनर्विकासाच्या करारात ‘फ्लाय अ‍ॅश वापरायची नाही’ अशी अट घालायला निघतात.

बाळकुमसारख्या ठिकाणी ही अट स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारी ठरेल. का, ते समजण्यासाठी आधी बाळकुम कुठे आहे ते पाहू.

बाळकुम नाक्यावरून भिवंडीकडे निघाले की दोन-चार मिनिटांत कशेळीचा पूल लागतो. खाली उल्हास नदीची खाडी. भरतीचे पाणी वसईच्या मुखातून आत शिरते, ओहोटीला मागे सरते. पावसाळ्यात उल्हासला पूर आला की हे पाणी जवळजवळ गोडे होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा मचूळ, खारट. काठावर तिवरे, त्यामागे भराव घातलेली जमीन, आणि तिच्यावर आता तीस-चाळीस मजल्यांचे टॉवर. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो इथूनच खाडी ओलांडते. बाळकुम ते गायमुख असा किनारी मार्गही याच काठाने आखलेला आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत या खारट पट्ट्यात लाखो घनमीटर काँक्रीट उभे राहणार, आणि त्याने निदान दोन पिढ्या टिकावे ही अपेक्षा.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला १९ ग्रॅमच्या आसपासचा भाग एकट्या क्लोराइडचा. लोखंडाचा खरा वैरी तो. काँक्रीटविषयीचे भारतीय मानक, आयएस ४५६, हा धोका ओळखून बांधकामाच्या परिस्थितीचे पाच वर्ग करते. किनारी हवेत उघड्यावर असलेले काँक्रीट ‘सिव्हिअर’, म्हणजे तीव्र वर्गात. तिथे निदान एम-३० दर्जाचे काँक्रीट हवे, पाणी आणि सिमेंटचे प्रमाण ०.४५ च्या वर जाता कामा नये, सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे कव्हर हवे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला पुलाचा खांब मात्र सर्वांत कडक, ‘एक्स्ट्रीम’ वर्गात मोडतो: एम-४०, ०.४० आणि कव्हर ७५ मिलिमीटर. कायम पाण्याखाली असणारा भाग त्या मानाने सुखरूप, कारण तिथे गंजायला प्राणवायूच पुरेसा पोहोचत नाही. दिवसातून दोनदा भिजणारा आणि दोनदा वाळणारा पट्टा सर्वांत आधी जातो. ओले झाले की खारे पाणी आत ओढले जाते, वाळले की पाणी उडते आणि मीठ आतच राहते. पुढच्या भरतीला त्यात भर पडते.

आतली सळई गंजते कशी, हे पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. नौपाड्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत तीस-चाळीस वर्षांच्या कुठल्याही इमारतीचा जिना चढताना मान वर करा. तुळईच्या खालच्या कडेला, सळईच्या अगदी रेषेत एक चीर गेलेली दिसेल. चिरेतून तपकिरी डाग ओघळलेले असतील. त्या जागी बोटाच्या पेराने ठोकले तर पोकळ आवाज येतो. स्ट्रक्चरल ऑडिटला आलेला अभियंता तिथले सुटलेले काँक्रीट छिन्नीने उडवतो. आत सळई दिसते, पण बारा मिलिमीटरची म्हणून बसवलेली सळई खपल्या झाडल्यावर कुठे नऊ उरलेली असते, कुठे त्याहून कमी. उडवलेल्या ताज्या कडेवर तो फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतो. आतला भाग क्षणात गडद गुलाबी होतो, बाहेरचा काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरचा पट्टा मात्र करडाच राहतो. गुलाबी भाग अजून अल्कधर्मी आहे, करड्या भागाची अल्कता गेलेली आहे. करडा पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर त्या सळईचे कवच गेले.

चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ च्या घरात असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो गंज रोखून धरतो. हा थर दोन वाटांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून काँक्रीटमधल्या चुन्याचा खडू करतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरी वाट क्लोराइडची. पीएच चांगला असला तरी क्लोराइड त्या थराला ठिकठिकाणी भोके पाडते. एकदा गंज चढू लागला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ही फुगवट सहन न होऊन कव्हर फुटते. फुटल्यावर पाणी आणि हवा थेट सळईवर येतात आणि मग ऱ्हासाचा वेग झपाट्याने वाढतो.

यात माणसे मरतात. गोव्यात पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम सोळा-एक वर्षांचा होता. त्याच्या प्रीस्ट्रेसिंगच्या केबल गंजलेल्या होत्या. मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ सालचा. खाऱ्या हवेने त्याच्याही केबल आणि काँक्रीट काही वर्षांतच पोखरले, आणि नव्वदच्या दशकात शेजारी नवा पूल बांधावा लागला. राख घातली नव्हती म्हणून हे पूल बिघडले, असे मी म्हणणार नाही. कव्हर, केबलच्या नळ्यांतले ग्राउटिंग, देखरेख, सगळ्यातच उणिवा होत्या. पण या दोन पुलांनी इथल्या अभियंत्यांना एक गोष्ट कायमची शिकवली: काँक्रीट किती भार घेते एवढेच विचारून भागत नाही, ते पाणी आणि मीठ आत किती येऊ देते हेही विचारावे लागते. ३० जून २००९ रोजी खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला फ्लाय अ‍ॅश आणि मायक्रोसिलिका आली, ती या धड्यातूनच.

मीठ आत येते कुठून? काँक्रीट डोळ्यांना दगडासारखे भरीव दिसते, पण ते सच्छिद्र असते. सिमेंटमधल्या कॅल्शियम सिलिकेटवर पाण्याची प्रक्रिया झाली की दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्याला अभियंते सी-एस-एच जेल म्हणतात. खडी आणि वाळूला धरून ठेवणारा खरा गोंद हाच. दुसरी गोष्ट म्हणजे मोकळा चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. एक किलो सिमेंटमागे साधारण पाव किलो हा चुना सुटतो. त्याने पीएच वर राहतो हा त्याचा गुण. पण ताकदीच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी. त्याचे चपटे, थराथरांचे स्फटिक विशेषतः खडीच्या पृष्ठभागालगत गोळा होतात आणि तिथे एक भुसभुशीत पट्टा तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून गळक्या स्लॅबखाली पांढरे ओघळ आणि लोंबते खडे दिसतात. भूजलात किंवा सांडपाण्यात सल्फेट असेल तर ते आधी या चुन्यावर तुटून पडते. खडीच्या भोवतालचे हे कमकुवत पट्टे एकमेकांना मिळाले की मिठाला सळईपर्यंत सरळ वाट मिळते.

राखेचे काम नेमके इथे आहे.

आधी राख म्हणजे काय ते नीट पाहू, कारण चुलीतली, भट्टीच्या तळाची किंवा तलावात साठवलेली राख आणि ही राख यांत फार अंतर आहे. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या लोकांना ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस आठवत असेल. रेल्वेसाठी तिथे कोळशावर वीज बने. आजच्या केंद्रांत कोळसा पिठासारखा दळून ज्वाळेत फवारतात. तापमान चौदाशे-पंधराशे अंशांच्या घरात. भारतीय कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के भाग न जळणाऱ्या खनिजांचा, म्हणजे मातीचाच असतो. ही माती ज्वाळेत वितळते, तिचे सूक्ष्म थेंब होतात आणि धुराबरोबर उडताना ते एकदम थंड पडतात. स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून त्यांची काच होते. धुराड्याच्या आधी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर नावाच्या यंत्रात विजेच्या भाराने ही धूळ पकडतात. एकूण राखेपैकी पंचाहत्तर-ऐंशी टक्के अशी उडणारी, म्हणून तिचे नाव फ्लाय अ‍ॅश. बाकीची जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. ती भरावाला ठीक, सिमेंटच्या जागी अजिबात नाही.

ही उडती राख चिमटीत घेतली तर टाल्कम पावडरसारखी मऊ लागते आणि बोटांच्या रेषांत जाऊन बसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळे चित्रच बदलते. सिमेंटचे कण दळलेले, कंगोऱ्यांचे, वेडेवाकडे असतात. राखेचे कण गोल गरगरीत काचेचे गोळे. बरेचसे पंचेचाळीस मायक्रॉनपेक्षा लहान, काही तर एक-दोन मायक्रॉनचे. एखादा मोठा गोळा फुटलेला असेल तर त्याच्या पोटात आणखी छोटे गोळे भरलेले दिसतात. काही आतून अगदी पोकळ. ते इतके हलके की पाण्यावर तरंगतात. या गोल आकारामुळे ओले काँक्रीट कमी पाण्यात सैल वाहते आणि पंपाने उंच मजल्यांवर सहज चढते. चाळीसाव्या मजल्यावर स्लॅब भरणाऱ्या पंप ऑपरेटरला राखेची किंमत विचारावी.

पण खरा गुण त्या काचेत आहे. ती सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाची काच. साध्या पाण्यात ती शतकानुशतके तशीच पडून राहील. सिमेंटच्या जहाल अल्कधर्मी द्रावणात मात्र ती हळूहळू झिजू लागते, आणि सुटलेली सिलिका सिमेंटने सोडलेल्या त्या निरुपयोगी चुन्याशी संयोग पावते. तयार काय होते? पुन्हा सी-एस-एच जेल. म्हणजे कमकुवत चुना खर्ची पडतो आणि त्याच्या जागी गोंद येतो, तोही जिथे भोके आणि चिरा होत्या तिथेच. एकूण छिद्रे फारशी कमी झाली नाहीत तरी ती बारीक होतात आणि त्यांची एकमेकांशी असलेली जोडणी तुटते. आधी मिठाला गावातून थेट जाणारा हमरस्ता होता. आता त्याला अरुंद, वळणावळणाच्या, मध्येच बंद होणाऱ्या बोळांतून वाट काढावी लागते. राखेतला अ‍ॅल्युमिना आणखी एक उपकार करतो. आत शिरलेल्या क्लोराइडपैकी काही भाग तो एका संयुगात, फ्रीडेल्स सॉल्टमध्ये, बांधून ठेवतो. बांधलेले क्लोराइड सळईला त्रास देत नाही.

या विद्येला आधुनिक मानणे चुकीचे. नेपल्सजवळच्या पोझुओलीची ज्वालामुखी राख चुन्यात कालवून रोमन लोकांनी बंदरे आणि घुमट बांधले. या जातीच्या पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव त्या गावावरूनच पडले. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालत. भाजलेल्या मातीतली सिलिका तेच काम करी. अमेरिकेत बर्कलीच्या रेमंड डेव्हिस यांनी १९३७ मध्ये कोळशाच्या राखेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर १९४८ ते १९५३ या काळात माँटानातल्या हंग्री हॉर्स धरणात ती लाखभर टनांहून जास्त वापरली गेली. भारतात पन्नाशीच्या दशकात रिहंद धरणात सिमेंटच्या पंधरा टक्क्यांपर्यंत राख घातली. भारतात जन्मलेले आणि बर्कलीतच शिकवणारे पी. कुमार मेहता यांनी पुढे निम्म्याहून अधिक राखेच्या काँक्रीटचा हिरिरीने पुरस्कार केला. हवाईतल्या काउआई बेटावर इराइवन या शिवमंदिराचा पाया १९९९ मध्ये अशाच काँक्रीटचा, एकाही सळईशिवाय घातला. हजार वर्षे टिकावा हा त्यामागचा संकल्प होता.

आपल्या दारातले उदाहरण मात्र शहापूर तालुक्यातले आहे, आणि त्याच्याविषयी ठाण्यातल्या लोकांनाही फारसे ठाऊक नसते. सह्याद्रीच्या कड्यावर, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर. कड्याखाली कोकणात चोंढे. वरच्या तलावातले पाणी खाली सोडून वीज करायची आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचे, असा हा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्याची धरणे रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची, भारतातली पहिली. सुके, घट्ट काँक्रीट पसरायचे आणि रस्त्यासारखे रोलरने दाबत थरावर थर चढवायचे, अशी ही पद्धत. यात सिमेंट आणि राख मिळून जो बांधणारा पदार्थ होता, त्यातला निम्म्याहून जास्त भाग राखेचा. धरणाचे भले मोठे काँक्रीट आतून तापून तडकू नये हा मुख्य हेतू, आणि पाण्याला अडवणारा घट्ट लगदा मिळावा हा दुसरा.

तापण्याची ही अडचण बाळकुमच्या टॉवरलाही असते. उंच इमारतीचा राफ्ट, म्हणजे जमिनीखालचा जाड पाया, दोन-तीन मीटर खोलीचा असतो. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडते आणि एवढ्या जाडीतून ती बाहेर पडत नाही. पोटातले तापमान सत्तर अंशांपलीकडे गेले तर पुढे काही वर्षांनी आतल्या आत फुगून तडे जाण्याचा धोका असतो. बाहेर थंड आणि आत कढत असा फरक पडला तरी तडे जातात. म्हणून असे राफ्ट रात्री भरतात, पाण्यात बर्फ घालतात, आणि सिमेंटचा चांगला भाग काढून त्या जागी राख किंवा स्लॅग घालतात. राखेची प्रक्रिया संथ असल्याने उष्णताही सावकाश सुटते.

संथपणा हा असा राखेचा गुण आहे, आणि तोच तिचा सर्वांत मोठा धोकाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच, आणि साइटवर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही याच ठिकाणी.

राखेची काच झिजायला आठवडे, महिने लागतात. पहिल्या आठवड्यात ती जवळजवळ नुसती भर म्हणून बसलेली असते. अठ्ठावीस दिवसांनी तिने आपले काम जेमतेम सुरू केलेले असते. खरा फरक छप्पन्न, नव्वद दिवसांनंतर आणि पुढेही दिसत राहतो. हे सगळे होण्यासाठी काँक्रीटच्या आत पाणी शिल्लक असावे लागते. वरचा थर वाळला की तिथली प्रक्रिया थांबते, आणि नेमका तोच थर सळईचे कव्हर असतो. म्हणजे पोटातले काँक्रीट उत्तम आणि मिठाला तोंड देणारे बाहेरचे चार-पाच सेंटिमीटर कच्चे, अशी उफराटी स्थिती होते. ताकद तपासण्यासाठी भरलेले क्यूब टाकीतल्या पाण्यात सुखाने बुडालेले असतात, त्यामुळे त्यांचा निकाल छान येतो. खांब मात्र उन्हात तापत असतो.

आयएस ४५६ साध्या ओपीसीच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओले ठेवायला सांगते. मिश्र सिमेंट किंवा राख असेल तर निदान दहा दिवस, आणि हवा कोरडी-उष्ण असेल तर चौदा दिवसांपर्यंत वाढवा, असेही सांगते. आता एप्रिलमधल्या ठाण्यातली साइट डोळ्यांसमोर आणा. स्लॅबवर मसाल्याचे आळे करून पाणी साठवलेले असते, ते ठीक. पण खांबांना गुंडाळलेले गोणपाट सकाळी एकदा भिजवले की दुपारपर्यंत कडकडीत वाळते. पाणी टँकरचे, महागाचे. बिगाऱ्याला दहा कामे. अ‍ॅल्युमिनियमच्या माईव्हान शटरिंगने आठवड्याला एक मजला चढवायचा असतो. उभ्या भिंतींवर पाणी थांबत नाही, म्हणून क्युरिंग कंपाउंड फवारायचे असते, आणि ते एका हाताने, घाईने फवारले जाते. राखेचे काँक्रीट वाईट निघाले अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक वेळा याच दहा दिवसांत असतो. शटरिंग कधी काढायचे हेही दिवस मोजून ठरवण्यापेक्षा क्यूबची ताकद पाहून ठरवावे, कारण राखेचे काँक्रीट सुरुवातीला मागे असते.

याच्याशी जोडलेली दुसरी मर्यादाही उघडपणे सांगायला हवी. राख चुना खाते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला अडवणारा साठाही कमी करते. काँक्रीट नीट ओले ठेवलेले, कमी पाण्याचे आणि घट्ट असेल तर वायू आत शिरतच नाही आणि ही उणीव जाणवत नाही. पण ढिसाळ, जास्त पाणी घातलेल्या, वाळलेल्या काँक्रीटमध्ये राख भरपूर असेल, तर कार्बोनेशन साध्या काँक्रीटपेक्षा लवकर सळईला गाठते. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यापुढे राख ढाल आहे. निष्काळजी बांधकामापुढे ती ढाल टिकत नाही.

राखही कुठलीही चालत नाही. आयएस ३८१२ हे तिचे मानक. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोह मिळून निदान सत्तर टक्के हवेत. कण बारीक हवेत. पंचेचाळीस मायक्रॉनच्या चाळणीवर चौतीस टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नयेत. न जळलेला कोळसा पाच टक्क्यांच्या आत हवा, कारण तो काँक्रीटमधले रसायन पिऊन टाकतो आणि पृष्ठभागावर काळी साय आणतो. पीपीसीच्या पोत्यात कारखान्यातच पंधरा ते पस्तीस टक्के राख दळून मिसळलेली असते. अशा सिमेंटमध्ये ठेकेदाराने साइटवर आणखी राख ओतली तर तो शुद्ध अपराध. प्लान्टमध्ये ओपीसी आणि प्रमाणित राख संगणकावर वजन करून, आधी चाचणी मिश्रण करून घालणे वेगळे, आणि फावड्याने अंदाजे लोटणे वेगळे. लोकांच्या मनात भेसळीची जी भीती आहे, तिचे मूळ या दुसऱ्या प्रकारात आहे आणि ती भीती खोटी नाही.

राख वापरायला सरकारचाही रेटा आहे. १९९६-९७ मध्ये देशात तयार होणाऱ्या राखेपैकी दहा टक्केसुद्धा वापरात येत नव्हती. सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्राने पहिली अधिसूचना काढली, नंतर ती अनेकदा कडक केली. २०२१-२२ मध्ये साधारण २७ कोटी टन राख निघाली आणि तिच्यातली सुमारे ९६ टक्के सिमेंट, विटा, भराव, रस्ते अशा कुठल्या ना कुठल्या कामी लागली. न वापरलेली राख तलावात साठते, आणि तिथे काय होते ते जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला दिसले; कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. एकलहऱ्याची किंवा डहाणूची राख बाळकुमच्या खांबात बंद झाली तर तिकडचे शेत वाचते आणि इकडची सळईही.

मग फ्लॅट घेणाऱ्याने किंवा पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीने काय विचारावे? ‘राख आहे का’ हा प्रश्न सोडून द्यावा. चार कागद मागावेत. पहिला, मिक्स डिझाइन: एका घनमीटरला सिमेंट किती, राख किती, पाणी किती. दुसरा, राखेचा चाचणी अहवाल. तिसरा, अठ्ठावीस दिवसांबरोबर छप्पन्न किंवा नव्वद दिवसांच्या क्यूबचे निकाल. चौथा, आरसीपीटी, म्हणजे क्लोराइड आत शिरण्याच्या चाचणीचा आकडा. काँक्रीटच्या चकतीतून सहा तासांत ६० व्होल्टवर किती कूलंब वीजभार जातो हे ती मोजते. चार हजारांच्या वर गेला तर काँक्रीट मिठाला फार मोकळे, एक ते दोन हजारांच्या मध्ये असेल तर चांगले, हजाराच्या खाली असेल तर खाडीकाठी हवे तसे. राखेच्या काँक्रीटवर ही चाचणी नव्वद दिवसांच्या आसपास करावी, अठ्ठावीसला केली तर राखेवर अन्याय होतो.

आणि शक्य असेल तर एखाद्या दुपारी स्वतः साइटवर जा. दोन-तीन दिवसांपूर्वी भरलेल्या खांबाच्या गोणपाटाला हात लावून पाहा. ते कोरडे असेल तर तिथल्या तिथे साइट इंजिनिअरला सांगा, लेखी सांगा, आणि दहा दिवस पाणी पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.